आत्याच्या टेबलाचा दगड आणि माझी पारख

तीर्थस्वरूप दादांस,

कृतानेक नमस्कार. (तुम्ही माझ्याहून अवघ्या चार वर्षांनी मोठे, आणि आजवर मी ‘काय दादा’च्या पुढे कधी गेलो नाही, हे मला ठाऊक आहे. पण पत्राला पत्राची रीत असते.) तुमचा गुडघा आता कसा आहे? दगड कापायच्या त्या यंत्रापाशी दिवसभर ओल्यात उभं राहायचं म्हणजे पाय बोलणारच, जरा जपा. वहिनींना नमस्कार. तुमची बहीण मजेत आहे आणि नेहमीप्रमाणे तुमचे दाखले देऊन मला सुधारते आहे.

पत्रास कारण आत्या. निवृत्त झाल्यापासून मी वाचनालयातून जुन्या फर्निचरवरची पुस्तकं आणून वाचतो, हे तुम्हाला माहीत आहेच. (तुमची बहीण मला ‘पारखी’ म्हणते, लोक ‘खिसेकापू’ ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात.) येत्या गुरुवारी आत्या कायमची आमच्याकडे राहायला येते आहे. शिंप्याच्या दुकानावरच्या तिच्या दोन खोल्या रिकाम्या होताहेत आणि आमच्या घरात तिच्या एकाच वस्तूला जागा आहे, खिडकीशेजारच्या कोपऱ्यात. ती वस्तू कोणती, हे तिला विचारावं लागलं नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, तोंड धुण्याचं भांडं ठेवायचं टेबल. अक्रोडाचं लाकूड, तीन कप्पे, वर पांढरा संगमरवर. लग्नाआधी आतोबांनी ते लिलावात घेतलं आणि तिला सांगितलं, कप्प्याच्या मुठीपासून वरच्या दगडापर्यंत सगळं जसं घडवलं तसंच आहे. गेली छप्पन्न वर्षं आत्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य आतोबांच्याच आवाजात ऐकवते. आतोबा ते टेबल दर रविवारी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला दगडाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, वाक्य मात्र अजून ठणठणीत होतं.

तर मागच्या आठवड्यात बाकीचं सामान बघायला जुन्या वस्तूंचा एक दुकानदार आला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याने टेबलाच्या दगडावर टिचकी मारली, हा नंतरचा आहे असं सांगितलं आणि जिना उतरून गेला. त्या दिवसापासून आत्याने टेबलाचं नावच टाकलं. दोन दिवसांनी तिचा मला फोन. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाली, “तू मोठा पारखी आहेस ना? मग येऊन सांग, हे माझ्याशी खोटं बोलले का.”

आता सांगा, अशा वेळी माणूस नाही कसं म्हणेल? रविवारी सकाळी मी बॅटरी आणि भिंग घेऊन हजर. आधी दगडाला गाल लावून पाहिला. गार लागला. (सकाळी कुठलाही दगड गारच लागतो, हे तुम्ही म्हणणार. पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.) कोपरे पाहिले, तर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झिजलेले. मग मध्यावर एक पिवळा डाग सापडला आणि माझ्यातला विद्वान जागा झाला. शंभर वर्षांचं साबणाचं पाणी दगडात कसं मुरत जातं, यावर मी बराच वेळ बोललो. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिथे मागच्या महिन्यात खोकल्याचं औषध सांडलं होतं. तो पुरावा मी वगळला, पण निकाल ठोकून दिला, दगड अस्सल. आत्याचा चेहरा असा खुलला की मी तिथेच चहा पिऊन घरी यायला हवं होतं.

पण अर्धवट ज्ञान माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पुस्तकाप्रमाणे खरा निकाल दगडाच्या पोटाकडे असतो. जुन्या कारागिराने खालची बाजू कधी घासली नाही, तिथे टाकीचे घाव तसेच दिसतात. नवा दगड खालूनही यंत्राने कापलेला, सपाट. शिवाय दगडाखालचं लाकूड मुळापासून कोरं असेल तर टेबल दगडासाठीच केलेलं. पॉलिश असेल तर दगड मागाहून चढवलेला. दगड कधी चिकटवलेला नसतो, स्वतःच्या वजनाने बसलेला असतो. मग उचलून पाहायला काय हरकत आहे? (हे वाक्य माझं आहे, पुस्तकातलं नाही.)

खालच्या शिंप्याला हाक मारली. भला माणूस. आल्याआल्या गळ्यातली टेप काढून त्याने आधी दगडाचं माप घेतलं, कारण समोर येईल त्याचं माप घ्यायची त्याच्या हाताला सवय आहे. आत्याने पलंगावर उशी मांडली. टेबलापासून पलंग चार पावलं.

इथे एक जुनी गोष्ट आठवली. आठ वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराचा ओटा बसवायला तुम्ही आला होतात. जिन्यात सगळ्या शेजाऱ्यांदेखत तुम्ही माझ्यावर ओरडलात की दगड उभा धरतात, आडवा नाही. त्यावर मी तुमच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो. (तुमच्या ते लक्षात आलं नसेल.) तर ते सगळं मी आता मनापासून विसरलो आहे, हे कळवावं म्हटलं. बाकी सर्व क्षेम. आत्याची तब्येत उत्तम. शिंपीही बरा आहे.

आपला नम्र,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. पत्र पुन्हा वाचताना दिसलं की एक बारीकसा तपशील राहिला. दगड आम्ही आडवा नेला. तिसऱ्या पावलाला कट् असा आवाज झाला आणि अर्धा दगड माझ्याकडे, अर्धा शिंप्याकडे राहिला. मी हातातला तुकडा उलटा करून पाहिला. (खोड जात नाही.) पोट सपाट, यंत्राने कापलेलं. खालचं लाकूड मात्र कोरं, आणि त्यावर आधीच्या दगडाची फिकट खूण, या दगडापेक्षा बोटभर रुंद. म्हणजे टेबल जन्मापासून दगडाचंच, पण दगड हा नव्हे. दुकानदार खरा ठरला आणि आतोबा खोटे. तिचं अर्धं टेबल हातात धरून हे तिला कसं सांगायचं, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात शिंपी लाकडाचं माप घ्यायला वाकला आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी मोठ्याने वाचू लागला. अक्षर आतोबांचं, तारीख लग्नाच्या दोन दिवस आधीची. ‘मूळ दगड आज जिन्यात माझ्या हातून फुटला. आडवा धरला होता. नवा बसवला. तिला सांगायची हिंमत नाही.’

आत्याने चष्मा मागून स्वतः दोनदा वाचलं. मग दगडासाठी मांडलेल्या उशीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “पंचेचाळीस वर्षं घाबरून होते,” ती म्हणाली, “आणि मला वाटायचं टेबलाला जपतात.” नंतर ते पाणी नुसतं हसण्याचं राहिलं नाही. मीही तिच्याशेजारी बसून रडलो, लपवत नाही.

ता. क. २. आता मुद्द्याचं. पांढऱ्या संगमरवराचा एक तुकडा गुरुवारच्या आत कापून द्याल का? माप छत्तीस बाय अठरा. शिंप्याने पुढे उसवायला लागलं तर म्हणून बोटभर जास्त धरलं आहे आणि जुन्या खुणेशी ते बरोबर जुळतं. कोपरे हातानेच घासा. आणायला मी येतो म्हणालो होतो, पण तुमची बहीण म्हणते की दगड तुम्हीच आणावा, मी फक्त दार उघडावं.

ता. क. ३. आत्याची एक अट आहे. बसवताना दगड चिकटवायचा नाही, आणि बसवण्याआधी तिला पेन्सिल द्यायची. आतोबांच्या ओळीखाली तिला एक ओळ लिहायची आहे. काय लिहिणार, असं मी विचारलं. म्हणाली, पुढच्या वेळी ज्याच्या हातून फुटेल तो वाचेल. एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तुमच्या बहिणीनेही.