कोडगंगा, आडत लाइन, उदगीर

३ एप्रिल २०१६, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. मोठ्या उद्योजकांच्या सुरुवातीच्या नोंदी पुढे लोकांच्या कामी येतात. त्यांना लिहायला वेळ कसा मिळायचा कोण जाणे. मला भरपूर आहे.

परिस्थिती. मी मन्मथ, वय तेहतीस, फ्रीलान्स सॉफ्टवेअर डेव्हलपर. मूळ कंधारचा. चार वर्षं पुण्यात नोकरी, गेल्या दिवाळीपासून उदगीरला सासऱ्यांच्या घरी. लोक घरजावई म्हणतात. म्हणोत. हा मुक्काम स्ट्रॅटेजिक आहे. बायको तारामती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, शाळा इथून नऊ किलोमीटर. चार वर्षं ती इथं, मी तिथं, फोनवर संसार. आता पुण्याला परत जायचं नाही म्हणजे नाही.

एक क्लायंट होता. गेला. त्याला दृष्टी नव्हती.

निरीक्षण: लातूरला पाणी नाही म्हणून हॉस्टेलं बंद पडली. अकरावी-बारावीची हुशार पोरं आपापल्या घरी येऊन बसलीत. लातूर पॅटर्नमध्ये घोटून निघालेली पोरं, आणि रिकामी! दुसरं, एक मेला उदगीर जिल्हा होणार असं पानवालासुद्धा सांगतोय. जिल्हा झाला की कलेक्टर ऑफिस, एसपी ऑफिस, झेडपी. सगळीकडे सॉफ्टवेअर लागणार. प्रोग्रामर कुठून आणतील? माझ्याकडून.

संकल्प: चाळीस पोरं, चाळीस प्रोग्राम, पाचला उठणे.

४ एप्रिल. सकाळी ८.४०

उठायला जरा उशीर. झोप पूर्ण झाली की विचार स्पष्ट होतात.

५ एप्रिल

हॉल मिळाला. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, तुरीचं आडत दुकान आहे. शिवप्पा आडते म्हटलं की बाजारात कुणीही दाखवतं. दुकानाच्या वरचं गोदाम औंदा रिकामं. तूरच आली न्हाई तर ठेवणार काय, असं ते म्हणाले. त्यांची अट: एक मेपर्यंत वापरा. त्या दिवशी पोरांना खरंच काही येतंय असं चार लोकांसमोर दिसलं, तर हॉल वर्षभर तुमचा. नाही दिसलं तर जारच्या पाण्याचा धंदेवाला मागे लागलाय, त्याला देऊन टाकतो.

अट सोपी आहे. मामांना सॉफ्टवेअरमधलं कळत नाही, त्यामुळे काहीही दिसलं तरी चालेल.

८ एप्रिल, पाडवा

बोर्ड लावला. ‘कोडगंगा’. निळ्या अक्षरांत, खाली लाटा. अकरा वाजेपर्यंत पाच बायका घागरी घेऊन आल्या. शेजारच्या कस्तुराबाईंनी तर नंबर लावायला घागर जिन्यात ठेवली आणि घरी गेल्या. त्यांना समजावून सांगितलं की ही ज्ञानाची गंगा आहे. त्या म्हणाल्या, ते असू द्या, प्यायचं कधी सुटतंय तेवढं सांगा.

ब्रँड मात्र लोकांच्या लक्षात राहिला.

१० एप्रिल

ॲडमिशन. टार्गेट चाळीस, आले अकरा. प्रत्येक बापाचा एकच प्रश्न, याला बारावीत किती मार्क. डायरेक्ट नाहीत, पण आयुष्यात आहेत, असं मी म्हणालो. एक बाप पोराचा हात धरून घेऊन गेला. उरले दहा. निवडक बॅच चांगली असते.

११ एप्रिल

पहिलं लेक्चर. विषय: पुण्यात मी केलेली कामं. पन्नास मिनिटं. नंतर कॉम्प्युटर चालू केले आणि लाइट गेली. कॉम्प्युटर दोन, पोरं दहा, इन्व्हर्टर अर्धा तास. यावर नवी पद्धत काढली: प्रोग्राम मी फळ्यावर लिहायचा, पोरांनी वहीत उतरवायचा.

तारामतीला सांगितलं. तिचं म्हणणं, त्यांना चार ओळींचं काहीतरी स्वतः करू द्या, चुकू द्या. मी तिला म्हटलं, झेडपीची शाळा वेगळी, इंडस्ट्री वेगळी. तिनं पेपरांचा गठ्ठा ओढला आणि तपासत बसली.

१२ एप्रिल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सगळी बॅच घरी टीव्हीसमोर. क्लासला सुट्टी. आनंदाचीच गोष्ट आहे. पण हॉस्टेलं परत सुरू झाली तर माझी बॅच जाणार. एका गाडीनं एवढ्या मोठ्या शहराचं काय होतंय म्हणा.

वरचा विचार चांगला नाही. खोडायला हवा. पेन नीट चालत नाहीये.

१४ एप्रिल

चमत्कार! बारावीत जाणारी सिद्धम्मा नावाची पोरगी आहे, किराणा दुकानदार चन्नबसप्पांची. तिनं पहिला प्रोग्राम, बावीस ओळी, उभं राहून घडाघडा म्हणून दाखवला. कंस, स्वल्पविराम, सगळं. फळ्यावर लिहिताना जिथं मला खोकला आला होता, तिथं तीसुद्धा थांबली.

मग बाकीचे नऊही उठले. सगळ्यांना पाठ! पुण्यात एवढ्या वर्षांत मला एक प्रोग्राम पाठ नव्हता. मी काय हाती घेऊन बसलोय याचा आज मला अंदाज आला. कोडिंगचा उदगीर पॅटर्न. पेटंट घ्यावं का, बघतो.

१९ एप्रिल

प्रोग्राम सव्वीस झाले. प्रोग्राम मी एका साइटवरून संदर्भासाठी घेतो. ‘केक’ असेल तिथं ‘भाकरी’ करतो, ‘जॉन’ असेल तिथं ‘शेषेराव’. याला लोकलायझेशन म्हणतात.

पाचला उठणे हा संकल्प रद्द. क्लास चारला असतो, पाचला उठून करायचं काय?

२४ एप्रिल, रविवार. दुपारी

चाळिसावा प्रोग्राम. हा कुठून घेतला नाही, पूर्ण माझा. नाव: पाणीवाटप. दहा हजार लिटरचा टँकर, दोनशे घरं, घरटी किती पाणी? एक मेला हाच दाखवायचा. दुष्काळ, टेक्नॉलॉजी आणि नवा जिल्हा, तिन्ही एका स्क्रीनवर.

सायंकाळी

उत्तर शून्य येतंय. तीन तास बसलो. जेवणाला दोनदा हाक आली.

तात्पुरती सोय केली. शेवटच्या ओळीत थेट ‘५०’ असं लिहून टाकलं. नाहीतरी बरोबर उत्तर पन्नासच आहे. डेडलाइन जवळ आली की मोठमोठ्या कंपन्यांत हेच चालतं. एक मे झाला की नीट करू.

२७ एप्रिल

पाणीवाटप सगळ्यांना पाठ. टाइप करायला चार मिनिटं, सिद्धम्माला तीन. आनंदी बॅच. मी तर खूपच आनंदी.

जिल्हा कृती समितीचे हणमंतराव प्रमुख पाहुणे. जिल्ह्याची घोषणा तुमच्याच स्टेजवरून करू म्हणाले.

३० एप्रिल

मामांनी विचारलं, तयारी झाली का. म्हटलं, मामा, हॉलला रंग कोणता द्यायचा ते ठरवून ठेवा.

तारामतीनं शर्टाला इस्त्री केली. पुण्याचा विषय तिनं गेल्या पंधरा दिवसांत काढला नाही. मीही नाही. पण दोघांच्या डोक्यात तोच आहे.

१ मे, रविवार. संध्याकाळी ६

जे घडलं ते क्रमानं लिहितो.

तीन वाजता हॉल भरला. हणमंतराव माझ्या भाषणभर फोन कानाला लावून होते. जिल्ह्याचं काही आलं नाही. येईल म्हणाले, संध्याकाळपर्यंत.

पोरांनी आळीपाळीनं दोन्ही कॉम्प्युटरवर पाणीवाटप टाइप केला. स्क्रीनवर ‘प्रत्येक घराला ५० लिटर’. टाळ्या. चन्नबसप्पांनी फोटो काढले. तारामती मागच्या रांगेत होती, तीसुद्धा हसली.

मग मामा उभे राहिले. मला वाटलं आभार मानतायत. ते म्हणाले, आमच्या लाइनीत टँकर अर्धाच येतो, आणि घरं दीडशे. मग घरटी किती?

सिद्धम्मा बसली. पूर्ण प्रोग्राम पहिल्यापासून परत टाइप केला, या वेळी अडीच मिनिटांत. पन्नास. मामा म्हणाले, अगं, टँकर अर्धा आहे. ती म्हणाली, ते तोंडी येतंय आजोबा, तेहतीस लिटर. पण प्रोग्राम असाच आहे.

मामा माझ्याकडे वळले. “पोरगी तेहतीस म्हणतीया, तुमचं मशीन पन्नास म्हणतंय. पाणी कुणाच्या हिशेबानं वाटायचं, जावईबापू?”

मी स्वतः बसलो. टँकर अर्धा केला. पन्नास. घरं दीडशे केली. पन्नास. घाम आला होता, बोटं कुठंही पडत होती, आणि टँकरमध्ये पाणी शून्य असं टाइप झालं. घरटी पन्नास लिटर.

मागून कुणीतरी म्हणालं, हे मशीन आमच्या गल्लीत बसवा.

हॉल हसला. पोरं हसली नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली, पुढची ओळ मी सांगेन म्हणून.

मामांनी सगळ्यांना हात जोडून शरणार्थ केलं आणि चहा फिरवायला सांगितला. घरी आल्यावर ते रागावले नाहीत. जारवाल्याला सोमवारी बोलावलंय एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. लाज वाटली. अजून वाटतेय.

२ मे

कारणमीमांसा. एक, लाइटचा दाब कमी होता. दोन, क्लायंटनं म्हणजे मामांनी आयत्या वेळी रिक्वायरमेंट बदलली. तीन, जिल्हा झाला नाही, त्यामुळे वातावरण नकारात्मक होतं.

तारामतीला वाचून दाखवलं. तिनं चौथं कारण विचारलं. मी म्हटलं, तीनच आहेत.

९ मे, बसव जयंती

हॉलमध्ये पाण्याचे जार आले. दीडशे. बोर्ड उतरवायचा राहिला म्हणून जारवाल्यानं तोच ठेवला, त्याला नाव आवडलं. धंदा जोरात आहे.

पुण्याच्या जुन्या कंपनीला मेल टाकायला बसलो. तारामतीनं लॅपटॉप मिटला. परत फोनवर बोलायचं नाही मला तुमच्याशी, इथं राहून काय वाट्टेल ते करा, असं म्हणाली. मेल तसाच राहिला.

मामांना दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, कॉम्प्युटरवर काढणारा माणूस हवाच होता. उद्यापासून मी. लोक कारकून म्हणतील. हे ॲग्री-टेक आहे.

२० जून, सोमवार. संध्याकाळी

दुपारी दुकानात पट्ट्या काढत होतो. सिद्धम्मा आली. हातात प्रवासाची बॅग. लातूरचं हॉस्टेल सुरू झालं, आजच निघाली. जाता जाता वहीतलं एक पान दाखवायचं होतं.

पाणीवाटप. माझ्याच ओळी, तिच्या अक्षरात. शेवटची ओळ लाल पेननं खोडलेली, तिच्या जागी तिनं स्वतः भागाकार लिहिलेला. वर एका ठिकाणी मी टँकरच्या आकड्याचं नावच चुकीचं वापरलं होतं, म्हणून शून्य येत होतं, तिथं गोल. हे सगळं कॉम्प्युटर नसताना, कागदावर.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर टाइप करून बघितलं. अर्धा टँकर, दीडशे घरं, तेहतीस. पूर्ण टँकर, दोनशे घरं, पन्नास. रिकामा टँकर, शून्य. तोलाईचा माणूस मागून बघत होता, तो म्हणाला, आता खरं बोलायलंय.

तिला विचारलं, हे तुला कधी समजलं. म्हणाली, शिकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते सर. हात वर केला होता. तुम्ही म्हणाला, खाली बस, आधी पाठ कर.”

मला आठवत नाही असं मी म्हणालो. आठवतं. निळी ओढणी होती, दुसरा बाक, आणि मला चहाला जायचं होतं.

पट्ट्या बाजूला सारल्या. खुर्ची ओढून दिली. म्हटलं, बस, अजून काय काय अडलंय ते सगळं विचार, आज मला वेळ आहे. तिनं घड्याळ बघितलं. पावणेपाचची एसटी होती.

बॅग मी उचलली. स्टँडपर्यंत चालत गेलो. वाटेत तिनं तीन शंका विचारल्या. त्यातल्या एकीचं उत्तर मला येत होतं.