पडद्याखालचे तपकिरी बूट

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून करायचा तर कंबर ऐकत नाही, तेव्हा मान लववली आहे असं समज.) इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत, भावोजींचा खोकला आणि तुमच्या जिन्याचा हलणारा कठडा यांची खुशाली कळव. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तू तिसऱ्यांदा पुढे ढकललीस, असं भावोजींकडून समजलं. डाव्याच्या वेळी तर एकटी जाऊन आलीस आणि मुंगी चावल्यासारखं वाटलं, असं गावभर सांगत सुटलीस. आता त्या मुंगीला काय झालं? पण राहू दे. त्या विषयावर चकार शब्द काढणार नाही, असं मी भावोजींना वचन दिलंय. हे पत्र वेगळ्याच कामाचं आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, एका डोळ्याने वाचता येईल.

तर तुला तो कोयतेवाल्या खुन्याचा सिनेमा आठवतो का? भाग दुसरा. (पहिला आपण पाहिलाच नव्हता, त्यामुळे मेलेला माणूस पुन्हा कोयता घेऊन का फिरतोय हे मला आजतागायत कळलेलं नाही.) मी नऊ वर्षांचा, तू तेरा. घरून आपण निघालो होतो कुत्र्याच्या पिल्लाचा सिनेमा बघायला. थिएटरात हॉल दोन, आणि तू मला छातीठोकपणे चुकीच्या हॉलमध्ये नेऊन बसवलंस. पाचव्या मिनिटाला पहिलं मुंडकं उडालं, तेव्हा मी विचारलं, "ताई, पिल्लू कधी येणार?" तू म्हणालीस, "येईल. गप बस." चूक कबूल करणं तुझ्या रक्तातच नाही.

त्या सिनेमातला एक प्रसंग मला जन्माचा पुरला. लांबलचक अंधारी खोली, जमिनीपर्यंत आलेला लाल पडदा आणि त्याच्या खाली दोन तपकिरी बूट. एकाची नाडी सुटलेली. बूट हलत नाहीत, बोलत नाहीत, नुसते वाट बघतात. पुढे मी शिवणकामात पडलो आणि बघता बघता पडद्यांचं दुकान टाकलं. आमचे पडदे वीतभर आखूड असतात, हे तुला ठाऊकच आहे. गिऱ्हाइकांना मी सांगतो, हवा खेळती राहते, झाडू मारायला सोपं जातं. आता तर समोरचा दुकानदारही तसेच शिवायला लागलाय. खरं कारण आज तुला म्हणून सांगतो: मागे कोणी उभं असेल तर बूट दिसावेत.

गेल्या रविवारी तुझ्या भाचीने तो सिनेमा कुठून तरी शोधून काढला. म्हणाली, "बाबा, एकदा बघून टाका आणि मोकळे व्हा." भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या ठेवून, पोटाशी उशी धरून मी बसलो. (ही, म्हणजे तुझी भावजय, शेजारी बसून शर्टाची बटणं लावत होती. पाचव्या खुनाला तिने "जरा बाजूला सरका, उजेड अडतोय" असं मला उद्देशून म्हटलं, तेवढाच तिचा सहभाग.) ताई, काय सांगू! खुन्याच्या तोंडावर चक्क पिठाचं पोतं. पळताना त्याला समोरचं दिसत नाही, दोनदा तो खांबावर आपटतो. रक्त म्हणजे सरळसरळ रंगाचं पाणी. तुझी भाची हसून हसून सोफ्यावरून खाली आली. मी मात्र हसलो नाही, कारण मी त्या पडद्याची वाट बघत होतो. आणि सिनेमा संपला! मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. अख्खा सिनेमा एका लाकडाच्या वखारीत घडतो. त्यात एकही पडदा नाही, आणि पडद्याच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही. तुझ्या भाचीने विचारलं, "बाबा, तुम्ही नक्की कुठला सिनेमा बघितला होता?"

तेव्हा मला आठवलं ते इतकी वर्षं मी कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्या मुंडक्यानंतर मी तुझ्या स्वेटरमध्ये डोकं खुपसलं आणि दिवे लागेपर्यंत बाहेर काढलं नाही. माझा सिनेमा म्हणजे तू कानात जे सांगत होतीस ते. "आता तो पडद्यामागे आहे... नुसते बूट दिसतायत... एकाची नाडी सुटलीय..." आणि बाहेर पडताना दाराशी लाल पडदा होता. तिकिटं फाडणारे काका तिथेच उभे होते. तपकिरी बुटांत.

म्हणजे ताई, तूही सिनेमा बघतच नव्हतीस! दीड तास तू दाराकडे तोंड करून बसली होतीस. किंकाळ्या माझ्या कानावर पडू नयेत म्हणून जे समोर दिसेल ते सांगत होतीस. तुझे हात गार पडले होते, तेही आता आठवलं. मी तुला आयुष्यभर वाघीण समजत आलो. खरं कळल्यावर थोडा रागावलो, आणि मग मला तुझी फार माया आली.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना धपाटे, कठड्याला खिळे.

तुझाच,
स्वेटरमधला

ता. क. भाची म्हणते, खरा सिनेमा टुकार आहे, आत्याचाच भारी. शेवट काय होता ते विचारलंय.

दुसरा ता. क. वचन मोडतो. मंगळवारी सकाळी दहाची वेळ भावोजींनी आणि मी घेऊन ठेवली आहे. दुसऱ्या भागाची भीती जास्त वाटते, ती पहिला भाग पाहिलेला असतो म्हणून, हे मला समजतं. डॉक्टरीणबाईंकडे मी हट्टच धरला. तुझ्या खाटेच्या पडद्यापलीकडे स्टुलावर बसून बोलत राहायची परवानगी मिळाली आहे. काय चाललंय ते सगळं सांगेन, थोडं पदरचंही घालेन. फार घाबरलीस तर पिल्लू कधी येणार ते विचार.

तिथला पडदा जमिनीपर्यंत होता, तो काल वीतभर आखूड करून आलो. खाली तपकिरी बूट दिसतील, एकाची नाडी सुटलेली असेल. घाबरू नकोस, ते माझे.