शांत केलेली करुणा

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. करुणास,
मामाचा जय भीम.

इथं सगळे बरे आहेत. ताईचे गुडघे थंडीत दुखतात, बाकी तब्येत चांगली. तुझी मामी पाठीला लागली म्हणून आमच्या रूपाचं लग्न एकदाचं ठरलं. मुलगा वैजापूरला तहसील कार्यालयात आहे, बोलायला मोकळा आहे. काल ताई आणि रूपा साड्या बघायला गुलमंडीत गेल्या, पाच दुकानं उलथीपालथी केली आणि दोन टॉवेल घेऊन परत आल्या. गॅरेज चालू आहे.

फोनवर तू 'हं' आणि 'बरं' याच्यापुढं जात नाहीस. म्हणून ताईकडून तुझ्या खोलीचा पत्ता घेतला आणि लिहायला बसलो. चार दिवस झाले, रोज नवा कागद घेतो आणि इथवरच येऊन थांबतो.

तुझी पहिल्या वर्षीची कोइमतूरची रेस मला रोज आठवते. पहिल्याच वळणावर तुला धक्का बसला, गाडी गोल फिरली, सोळा गाड्यांत तू शेवटची. तिथून चौथी आलीस! हेल्मेट काढायच्या आधीच ओरडत होतीस, "मामा, त्या पिवळ्या गाडीवाल्यानं मला दाबलं ना, तवाच म्हटलं, थांब आता, तुला सोडतच नाय!" सगळी टीम हसत होती. मीपण हसलो. माझे हात मात्र बर्फासारखे गार पडले होते. ते तुला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मी तुला बदलायला घेतलं. पहाटे गोगाबाबा टेकडीवर नेऊन श्वास मोजायला लावले. ट्रॅकवर दुसऱ्या गाड्या म्हणजे रस्त्याकडेची झाडं समजायची, आपली लाइन, आपला ब्रेक, बस. तू म्हणायचीस, "मामा, समोर कुणी दिसलं नाय तर मला झोप येती." मी म्हणायचो, "सवय होईल." सवय झाली. तुझ्या लॅपच्या वेळा इतक्या सारख्या यायला लागल्या की मी त्या वेळांचा कागद गॅरेजात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. रेसमधला तुझा नंबर मागं जात होता, त्याच्याकडं मी बघत नव्हतो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

टीमनं पुण्याहून रूपाली मॅडमना बोलावलं होतं. ड्रायव्हरच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या. दोन दिवस तुझ्या छातीला पट्टा लावून त्यांनी ठोके मोजले. त्यांचा अहवाल तुझा कोच म्हणून माझ्याकडं आला. मी तुला काय सांगितलं? "मॅडम म्हणतात, अजून शांत व्हायला पाहिजे."

असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, ही मुलगी कुणाशी तरी झुंजताना शांत असते. समोर गाडी असली की हिचे ठोके स्थिरावतात, एकटी चालवताना वाढतात. हिचा स्वभाव मोडू नका, तयारी त्याच्यावरच उभी करा. ईर्षा कुठं वापरायची आणि कुठं आवरायची, तेवढं शिकवा.

करुणा, मी ते तीनदा वाचलं आणि दडवलं. तुझी पद्धत चुकीची म्हणून नव्हे. मला ती बघवत नव्हती. तुझे बाबा ट्रकच्या अपघातात गेले तेव्हा सिल्लोडला ओळख पटवायला मीच गेलो होतो. तू कुणाच्या बाजूनं गाडी घातलीस की मला तो ट्रक दिसायचा. माझ्या भीतीला मी शिस्त हे नाव दिलं आणि ती तुझ्या गळ्यात घातली.

शेवटच्या रेसला तू रेडिओवर म्हणालीस, "मामा, एकदा पुढच्या गाडीमागं जाऊ द्या." मी म्हणालो, "नाही. मोजत राहा." तू मोजत राहिलीस. नववी आलीस. रेसनंतर पिटमध्ये हेल्मेट मांडीवर घेऊन म्हणालीस, "मामा, आज मला कुणाचा रागच आला नाही." आणि मी तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "शाब्बास, हेच पाहिजे होतं."

त्यानंतर तू रेसच्या गाडीत बसली नाहीस.

गेले दोन महिने मी धडपडतोय. टीमच्या मालकाला भेटलो. "सीझनभर बाहेर राहिलेली ड्रायव्हर कुठं बसवू?" म्हणाला. दुसऱ्या टीमवाल्यांना सतरा-अठराच्या पोरी पाहिजेत. रूपाली मॅडमना फोन करून सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "तिची इच्छा असेल तर मी आहे. पण इच्छा तुम्ही तिच्यात घालू शकत नाही."

मागच्या शनिवारी मी चाकणला आलो होतो. तुझ्या कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसलो होतो. आठ तास एकाच गोलात, एकाच वेगानं गाडी चालवून तपासायची नोकरी, तुझ्याइतकी बिनचूक कुणी करत नाही, असं तिथला वॉचमन कौतुकानं सांगत होता. तू डबा घेऊन बाहेर आलीस. एक रिक्षावाला तुझ्या पायावरून चाक जाईल इतक्या जवळून गेला, वर तोच तुझ्यावर ओरडला. तू दोन पावलं मागं सरलीस आणि तो जाईपर्यंत उभी राहिलीस. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. मला हाक मारायची होती. ती न मारताच एसटी धरून परत आलो.

आज सकाळी ताईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "संघपाल, तुला कोणी सांगितलं होतं तिला सांभाळ म्हणून? मीच ना?" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी दारातच बसून राहिलो. जेवायला तिनं हाक मारली, पण आम्ही दोघंही जेवलो नाही.

तू परत ये, असं लिहिणार नाही. माफ कर, असंही लिहवत नाही. आजवर काय करायचं ते तुला मीच सांगत आलो. आता सांगण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नाही.

तुझ्या भल्याच्या नावाखाली तुझ्याशी खोटं बोललेला,
संघपालमामा