शेजारच्या लेनमधली

आई, गेल्या महिन्यात इथे भोपाळला एक जपानी बाई आली होती. एके काळची त्यांच्या देशातली सगळ्यात वेगवान धावपटू, आता निवृत्त. शाळकरी मुलींचं शिबिर घ्यायला आली होती. महाराणा प्रताप नगरात माझ्या ऑफिसच्या खालीच तिचं पोस्टर लागलं होतं. चेहरा पाहिला आणि मी जिन्यातच थांबले. केस पिकलेत, पण हनुवटी किंचित वर धरून बघायची सवय तीच. त्या रिलेत ती आमच्या शेजारच्या लेनमध्ये होती.

ती रिले तू कशी विसरशील? जपानमध्ये, आशियातले सगळे देश. बॅटन माझ्या हातात आला आणि सुटला. मी मागे वळून तो उचलेपर्यंत बाकीच्या सगळ्या वळण घेऊन पुढे गेल्या होत्या. आपण शेवटचे आलो. परत आल्यावर मी बरखेड्याच्या क्वार्टरमधून बाहेर पडेना. बाबा कारखान्यातून येऊन मुकाट जेवायचे आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तू पोळ्या लाटतेस. लाटता लाटताच म्हणतेस, "लपून काऊन बसली? हरली ना? चोरी तर नाही केली." तू गॅस बंद करतेस, हाताची कणीक धुतेस, पिशवी माझ्या हातात देतेस आणि मला थेट जवाहर चौकातल्या भर बाजारात नेतेस. भाजी बरखेड्यातही मिळत होती, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं.

तिथला भाजीवाला मला ओळखतो. "बिटिया, टीवी पे देखा था. डंडा गिर गया ना?" मला तिथून पळून जावंसं वाटतं. तू वांगी निवडते आहेस. मान वर न करता म्हणतेस, "गिरा. फिर उठाया भी उसने. वो नहीं देखा क्या भैया?" तो ओशाळला होता. मी मात्र घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही, चारचौघांत विषय वाढवलास म्हणून. त्यानंतर मी मैदानावर गेलेच नाही. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरीही नको म्हटलं, परीक्षा देऊन कारकून झाले. मी कधी धावत होते हे ऑफिसात आजही कुणाला माहीत नाही.

शिबिराला गेले ती मागच्या रांगेत बसायला. पाहुणी जपानीत बोलत होती, एक दुभाषी मुलगी ते हिंदीत सांगत होती. समुद्रकाठच्या लहान गावातली ती धावपटू, आई मासळी सुकवायच्या कामावर. देशात सगळं जिंकली, पण बाहेर मोठ्या स्पर्धेत प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत बाद. वर्तमानपत्रं म्हणायची, आता पुरे. मांडीचा स्नायू दोनदा फाटला, तरी धावत राहिली. शेवटच्या शर्यतीत तर वयाने निम्म्या मुलींच्या मागे राहिली. हे सगळं ती हसत सांगत होती. मग तिने विचारलं, इथे देशासाठी धावलेलं कुणी आहे का? मी हात वर केला नाही. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. इतक्या वर्षांनंतरही, आई.

कार्यक्रम संपल्यावर फाटकापाशी ती गाडीची वाट बघत उभी होती. तेव्हा कुठे मी पुढे झाले. म्हटलं, मी तुमच्या शेजारच्या लेनमध्ये होते, बॅटन माझ्या हातून पडला होता. दुभाषी मुलीने तिला ते जपानीत सांगितलं. तिने बराच वेळ आठवून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्या दिवसातलं तिला फक्त स्वतःच्या पायाचं दुखणं आठवत होतं. जे मी जन्मभर लपवलं, ते माझ्या सगळ्यात जवळून धावणाऱ्या बाईच्या लक्षातही नव्हतं. मोकळं वाटायला हवं होतं. उलट जास्तच लाज वाटली. मग मी लपले कुणापासून? आणि एवढ्यासाठी तुझ्याशी किती वर्षं तुसड्यासारखी वागले.

परतल्यावर घरात लपून बसले होते, हेही मी सांगितलं. तिने मुलीकरवी विचारलं, "माँ ने क्या कहा था?" मी जवाहर चौकातला प्रसंग सांगितला. ती तोंडावर हात ठेवून खूप हसली आणि मग एकदम गंभीर होऊन कमरेत वाकली. मुलगी म्हणाली, "कह रही हैं, अपनी माँ को मेरा नमस्कार कहिएगा. घर पर ही हैं ना?"

"हाँ, घर पर ही हैं," मी म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण पुढे म्हटलं, "आ जातीं, पर आजकल घुटने बहुत दुखते हैं."

गाडी येऊन उभी राहिली होती. तरी तिने फाटकाला धरून तुझ्या गुडघ्यांसाठी एक व्यायाम करून दाखवला, पाय कुठे ठेवायचा, भार कसा टाकायचा, सगळं. तू गेलीस हे मी तिला सांगितलं नाही. तो व्यायाम नीट बघून घेतला, आणि समजला नाही म्हणून पुन्हा एकदा करायला लावला.