दातांतली दोरी

कडेगाव, १८ जानेवारी २०२४

चि. संयोगितास आईचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलाया जमत न्हाई. आकाराम भाऊजी दिवसभर सोप्यातच असत्यात, समदं ऐकू जातं. म्हणून लिवतीया. अक्षराला हसू नगंस.

शिराळ्याचं पाव्हणं चार फेब्रुवारीला आधी घर बघाया येत्यात. पसंत पडलं तर मग तुला बघणार. खंडाळ्याचं आलं तवा काय झालं, ध्येनात हाय न्हवं? भाऊजी अंगणात म्हशीसाठी उसाच्या वाड्याची मोळी बांधत हुतं. उजवा हात लष्करात गेला, डावा डोळा गेला, मग दोरी दातात धरून वढायची ही त्यांची रीत. पाव्हणी बाई चहा तसाच ठिवून उठली. धा येळा सांगितलं, जनावरागत दातानं धरू नगा. ऐकत्यात व्हय?

तुझं पप्पा भावाफुडं गप. म्हणून वाईट मीच व्हते. साताऱ्यात निराधारांचा आश्रम हाय, तिथं जागा बोलून ठिवलीया. दोन तारखेला गाडी येईल. डोळ्याच्या विलाजाला न्हेतो असं त्यांना सांगितलंय. तुझं ते ऐकत्यात, तर तू आश्रमाच्या दारात हुबी ऱ्हा. हो का न्हाई तेवढंच कळीव. फापटपसारा नगं.

राग धरू नगंस, माया ऱ्हाऊ दे.
तुझी आई, बनुबाई


सातारा, २४ जानेवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर माझ्याहून बरं आहे. तिळगूळ पोचला, अर्धा खोलीतल्या ऋचानंच संपवला.

आमच्या कॉलेजात आदिमानवांचं प्रदर्शन आहे. माझ्या वाट्याला निअँडरथल आलेत. आपल्यासारखीच, तरी वेगळी माणसं. बुटकी, दणकट, भुवयांचं हाड पुढं आलेलं. गुहांतून राहायची, शिकार करायची, कातडी कमवायची. त्यांतल्या एकाचा सांगाडा इराकच्या डोंगरात सापडला. उजवा हात कोपरावरून गेलेला, डावा डोळा बहुधा आंधळा, पायानं लंगडा. तरी जखमा भरल्यावर तो कितीतरी वर्षं जगला, त्यांच्यात म्हातारा म्हणावा इतका. पुढचे दात मात्र पार झिजलेले. हाताचं काम तो दातांनी करत असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. आणि एकट्यानं त्याचं निभलं नसतं, कुणीतरी त्याला सांभाळलं. पंचेचाळीस हजार वर्षांपूर्वी, आई.

त्याचं चित्र मी काढलं. तोंड काकांचं आलं.

तुझं उत्तर: नाही. आश्रमाच्या दारात मी उभी राहणार नाही. काका घरात असतील तरच पाहुण्यांपुढं बसेन.

हे पत्र तूच वाच. आहे ती माया कमी करू नकोस.
तुझी संयोगिता


कडेगाव, ५ फेब्रुवारी

चि. संयोगितास आशीर्वाद. वि. वि.

हो का न्हाई एवढं इचारलं, तर तू त्या गुहेतल्या माणसाची हाडं मोजत बसलीस! त्याच्या जातीचं नावच मला वाचवंना. मला कुठला दम. पत्र भाऊजींच्या म्होरं टाकलं न् म्हणलं, ही पोरगी काय लिवतीया बघा. चुकलंच माझं. ते मोठ्यानं वाचत गेलं. दातांचं आलं तवा हसलं. शेवटाला आवाज बारीक झाला, पर थांबलं न्हाईत, आश्रमाचंबी वाचलं. घडी करून पत्र माझ्या हातात दिलं. म्हणालं, वैनी, डोळ्याचं कशाला सांगितलंत, आश्रम म्हणला असता तरी गेलो असतो.

दोन तारखेला ट्रंक बांधून दारात बसलं. गाडी आली, ती मी माघारी लावली. डायवर का म्हणून इचाराया लागला, त्याला म्हणलं, तुला काय करायचंय. पर भाऊजी ट्रंक सोडंनात. दोन दिस तिथंच. मी घरात-भाईर, घरात-भाईर.

काल पाव्हण्यांची येळ झाली तरी ट्रंक दारातच. मग मीच दोरी सोडाया बसले. त्यांनी दातानं आवळलेली गाठ, माझ्या दोन हातांनी हलंना. नखं मोडली. शेवटी दात लावलं. वर बघते तर शिराळ्याची बाई फाटकात हुबी.

मी उठले न्हाई. गाठ सुटली, मंगच त्यांना या म्हणलं.

त्यांचा निरोप यील तवा यील. भाऊजींनी आज दोन मोळ्या बांधल्या. येताना ते चित्र आण, त्यांना बघायचंय.

चुकल्या आईवर माया कर.
बनुबाई