वजा तीन

बाई, तुम्ही कारखान्याच्या गेटवर वाकून हाताला तेल चोळत होतात आणि तुमच्या हिरव्या बांगड्या अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडत होत्या. आम्ही बत्तीस मुली दोन रांगांत उभ्या होतो. आमच्या बांगड्या काढून झाल्या होत्या. त्या एका मोठ्या रुमालात बांधून रखवालदाराच्या टेबलावर ठेवल्या होत्या. वेण्या वर बांधून त्यांच्यावरही रुमाल. यंत्राजवळ जायचं तर हातात काही नको, सुटं काही नको, असा नियम होता आणि तो कंपनीच्या पत्रात लिहिलेला नव्हता. सेफ्टीचे साहेब म्हणाले होते, बाई बाहेर थांबल्या तरी चालेल, मुलींना मी फिरवून आणतो. तुम्ही म्हणालात, मुलींना मी आणलंय, मी आत येणार. मग रखवालदार, कारखान्याआधीच्या जुन्या गावातला एक म्हातारा, मशीनच्या तेलाची वाटी घेऊन आला. "फोडू नगा बाई, आज शुक्रवार हाय. अंगठा आत मुडपा. व्हय, असा. आता हात ढिला सोडा." एकेक बांगडी निघाली. शेवटची निघाली तेव्हा रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि तुम्ही मागे न बघता म्हणालात, "टाळ्या आत गेल्यावर." तुमचं मोकळं मनगट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बांगड्यांच्या जागी कातडी फिकट होती.

दहावीची परीक्षा होऊन महिना झाला होता. सुट्टीत सहल नेणाऱ्या बाई आम्ही पाहिल्या नव्हत्या. गणवेशात या, असा निरोप तुम्ही घरोघर पाठवलात. तोपर्यंत निम्म्या मुलींचे स्कर्ट धाकट्या बहिणींकडे गेले होते. ते एका दिवसापुरते परत मागून घेतले. माझा कमरेला बसत होता, लांबीला नाही. परवानगीसाठी तुम्ही दोन वर्षं पत्रं लिहीत होतात. मुलांच्या शाळा तिथे दरवर्षी जात. मुलींची शाळा म्हटल्यावर कंपनीने एकदा उत्तर पाठवलं होतं की जवळच बिस्किटांचा कारखाना आहे, तो दाखवावा. ते पत्र तुम्ही आम्हाला वर्गात वाचून दाखवलंत, आवाज न बदलता. वाचून झाल्यावर घडी घातलीत आणि फळ्याकडे वळलात. आम्ही हसावं की नाही हे कुणाला कळेना.

तुमच्या पिशवीत तंत्रनिकेतनाचे आठ फॉर्म होते. पुण्याहून नऊ फॉर्म तुम्ही स्वतः आणले होते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नेऊन देणार होतात, कारण तो शेवटचा दिवस होता. ते आठ पुरे झाले होते. नववा माझा, तो घरीच होता. त्यात पालकांच्या सहीची जागा कोरी होती. बाबा त्याच कारखान्यात पॅकिंगला होते. तयार भाग लाकडी पेट्यांत भरायचे, वरून खिळे ठोकायचे. बीडकडून आलेला माणूस, सात वर्षं एकाच खात्यात. त्यांनी फॉर्म हातात घेतला होता, शेवटपर्यंत वाचला होता आणि परत दिला होता. "मशिनीवर बाई मी बघितली न्हाई. तू टायपिंग शिक. हापिसात पंखा असतो." ते रागावले असते तर मी भांडले असते. ते पंख्याचं बोलले. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या सकाळी नऊपर्यंत आण. आणलास तर नेईन. बाबांना मी भेटणार नाही, तुला बोलता येतं."

आत गेल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तरी ऐकू आल्या नसत्या. मला अजून तो आवाज पायांच्या तळव्यांत आठवतो. लोखंडावर दुधासारखं पांढरं पाणी पडतंय, पोलादाची साल निघतेय, निळी, कुरळी, आणि आमच्यातली एक ती उचलायला वाकते. "ताई, हात लावू नका, चटका बसंल." मशीनवरचा माणूस तिला ताई म्हणतो, आणि तोच तिच्यापेक्षा अधिक लाजतो. मुली येणार म्हणून अख्ख्या मशीन शॉपने त्या दिवशी दाढी केली होती, हे मला पुढे बाबांकडून कळलं. तुम्ही प्रत्येक यंत्रापाशी थांबत होतात आणि ओरडून विचारत होतात, हे काय करतं, ते का फिरतं, थांबवायचं कसं. थांबवायचं कसं हे तुम्ही प्रत्येकाला विचारलंत. एक जण म्हणाला, "बाई, तुम्हाला चालवायला शिकायचंय का बंद पाडायला?" तुम्ही म्हणालात, "आधी बंद पाडायला."

शॉपच्या टोकाला तपासणीची काचेची खोली होती. तिथे पंखा होता. मला बाकी सगळं नंतर दिसलं. फोरमन चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. त्यांनी विचारलं, व्हर्नियर पाहिलाय का कुणी. आम्ही सगळ्या हो म्हणालो. "चित्रात?" शाळेत, असं तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या आवाजात थोडा ताठा होता. "मग होऊन जाऊ द्या," म्हणत त्यांनी खणातून एक जुना व्हर्नियर काढला, वस्तू जबड्यांत धरून रेघांवर बारीक माप वाचायची पट्टी, आमच्या शाळेत होता तसाच, दहा रेघांचा, आणि पोलादाची एक जाड, चकचकीत पिन टेबलावर ठेवली. ज्यांना पुढे हे शिकायचंय त्यांनी मोजा. एकीने दुसरीला सांगायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं. आम्ही नऊ जणी पुढे झालो. दरम्यान काचेबाहेर माणसं जमली होती. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. त्यांच्यात, ढकलगाडीचा दांडा धरून, बाबा उभे होते. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

पिन गार होती. मी जबडे लावले, स्क्रू आवळला, उजेडाकडे धरून वाचलं आणि लिहिलं. फोरमननी नऊ चिठ्ठ्या उलगडल्या आणि पत्त्यांसारख्या मांडल्या. नऊही चिठ्ठ्यांवर एकच आकडा होता. दोन पूर्णांक सदतीस सेंटिमीटर. तुम्ही हसलात. ते हसले नाहीत. त्यांनी पिन पुन्हा स्वतः मोजली.

"चोवीस मिलिमीटर आहे ही. म्हणजे दोन चाळीस. नऊच्या नऊ चुकल्या." मग तुमच्याकडे बघून म्हणाले, "बाई, चुकण्याचं काही नाही. पण नऊ जणी सारख्या कशा चुकतील? पहिलीने सांगितलं असणार."

तुमचा चेहरा मला दिसत होता. तुम्हाला ओरडण्याआधी गप्प होण्याची सवय होती आणि तुम्ही गप्प झाला होतात. काचेबाहेर कुणीतरी काही बोललं आणि दोघेतिघे हसले. बाबा खाली बघत होते. मला तेव्हा फॉर्म दिसला, सहीची कोरी जागा दिसली, आणि ती आता कोरीच राहणार हे दिसलं. मी व्हर्नियर परत हातात घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. जबडे मिटले. शून्यावर शून्य आलं, अगदी समोरासमोर.

आमच्या शाळेत एकच व्हर्नियर होता, कुलपातला. आमच्या आधीच्या कुठल्यातरी वर्गाने तो पाडला होता. जबडे पूर्ण मिटले तरी त्याचं शून्य शून्यावर येत नसे, तीन रेघा पुढे थांबे. नवा मिळणार नव्हता. म्हणून तुम्ही शिकवलं होतं: लावा, वाचा, तीन वजा करा, मग वहीत लिहा. दोन वर्षं आम्ही तीन वजा केले. प्रार्थना संपल्यावर खाली बसावं तसे वजा केले. ते मोजण्याचाच भाग आहे असं आम्हाला वाटत होतं.

"साहेब," मी म्हटलं, "याला त्रुटी नाहीये."

"नाहीच आहे. नसणारच."

"आमच्या शाळेतल्याला आहे. तीन रेघांची. आम्ही ती वजा करतो. आम्ही इथेही केली."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या, सदतीसमध्ये तीन मिळवले, तोंडातल्या तोंडात, पहिलीतल्या मुलासारखे. मग ते हसायला लागले आणि हसता हसता खुर्चीवरून उठले, दार उघडून बाहेरच्या माणसांना म्हणाले, "या रे, आत या. माझ्याकडे चार माणसं एक पिन मोजतात तेव्हा चार आकडे येतात. या नऊ पोरींनी एकच आणलाय. मोडका व्हर्नियर घेऊन शिकल्यात." माणसं आत आली. खोलीत तेलाचा आणि साबणाचा वास झाला. एकाने विचारलं, "बोलली ती कोणाची रे?" मग बाबा म्हणाले, "आमची हाय." गाडीचा दांडा त्यांनी सोडला नव्हता. "तुमची? बरं झालं राव. आता तुमच्या पेट्या तुमचीच पोरगी नापास करंल." सगळे हसले. बाबाही हसले, जरा उशिरा. तुम्ही मात्र टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करत होतात. त्या तुम्ही पिशवीत ठेवल्यात, फॉर्मच्या शेजारी.

कँटीनमध्ये आम्हाला शिरा मिळाला आणि स्टीलच्या पेल्यातून चहा. शिऱ्याला तुपाचा हात सढळ होता. आम्ही दोनदा घेतला. बाहेर पडताना बांगड्यांचा रुमाल सोडला, तर बत्तीस जणींच्या बांगड्या एकात एक. गेटसमोरच्या लिंबाखाली आम्ही अर्धा तास त्या लावत बसलो होतो. रखवालदारही मांडी घालून बसला होता आणि मापं सुचवत होता. काही जणी दुसरीच्या बांगड्या घालून घरी गेल्या आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. मला वाटलं, शाबासकी. तुम्ही म्हणालात, "मोजण्याआधी शून्य बघायचं असतं. तू मोजल्यानंतर बघितलंस." मी मान खाली घातली. "आणि ते तुम्हाला मी शिकवायला पाहिजे होतं. मी वजाबाकी शिकवली." एवढं बोलून तुम्ही सगळ्यांना रांगेत उभं केलंत. मी पुढे एकतीस वर्षं तेच मोजण्या-तपासण्याचं काम केलं, आधी भोसरीला, मग चाकणला. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ते शून्याचं वाक्य सांगितलं. वजाबाकीचं स्वतःसाठी ठेवलं.

तुमच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. खाली औषधांचं दुकान आहे. मी तिथून गोळ्या घेते. या पत्रासाठी मी पाकीट आणलेलं नाही.

त्या संध्याकाळचं तुम्हाला सांगायचं राहिलं. बाबा तीनला सुटले, चारला घरी आले, हातपाय धुऊन उंबऱ्यापाशी बसले. मग म्हणाले, "ते वाचायचं कसं?" सात वर्षं ते त्या खोलीवरून गाडी ढकलत होते आणि आत माणसं डोळा बारीक करून काय बघतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. मी कॅलेंडरच्या कडेची पट्टी कापली, नऊ मिलिमीटरचे दहा भाग केले, जमतील तसे. ती शाळेच्या फूटपट्टीला लावली आणि मोजायला त्यांची चुन्याची डबी घेतली. आई भाकरी थापत होती. "आता डबी मोजायलाव. उद्या तंबाखूचं पान मोजसाल." बाबा म्हणाले, "गप. हिशेब चुकंल." ते पट्टीवर इतके वाकले होते की त्यांचा श्वास कागदाला लागून पट्टी हलत होती. मी ती बोटाने धरली. कोणती रेघ कोणत्या रेघेसमोर येते ते बघायचं, एवढंच. त्यांनी एकदा पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. "बासष्ट. आन् ही पाचवी."

पाचवी नव्हती. चौथी जुळत होती. मला स्पष्ट दिसत होतं. ते माझ्याकडे बघत होते, परीक्षेतल्या मुलीने बाईंकडे बघावं तसे. मी म्हटलं, बरोबर.

बाई, नोकरीत मी रेघभर चुकलेला भाग पुढे जाऊ दिला नाही. तो एक जाऊ दिला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पुन्हा वाचायला लाव. म्हणून तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांनी फॉर्म मागितला, जेवणाच्या डब्याच्या झाकणावर ठेवून सही केली आणि कंपनीच्या बसला गेले.