झऱ्याची पाळी

कामिदानी, ९ नोव्हेंबर

चि. यासुनोरी यास,
सुमिएताईचे आशीर्वाद. तू पाठवलेला चहा पोचला. सौ. कियोकोचे गुडघे आता कसे आहेत?

हे जाऊन आज सव्वीस दिवस झाले. पाहुणे परतले, घर शांत आहे.

एक विचारायचं होतं. नगरपालिका वाडीची पाणीयोजना ताब्यात घेणार आहे. धरणाचं पाणी येईल आणि आपला झरा बंद होईल. अकरापैकी दहा घरांनी संमतीच्या कागदावर शिक्का मारला, आमचंच घर राहिलं आहे. एका घरानेही नकार दिला तर सगळं थांबतं. मुदत तीस तारखेची. यांनी एकतीस वर्षं तो झरा सांभाळला. पानगळीत सफाईची पाळी कुणाचीही असो, हे पहाटे वर जाऊन झऱ्याच्या तोंडावरच्या जाळीतली पानं काढायचे. माझ्या हातून शिक्का उठत नाही. काय करू?

आठवण ठेव.
ताई

नागोया, १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
यासुनोरीचा नमस्कार. पत्र वाचून भाऊजी डोळ्यांसमोर आले. तुझ्या लग्नानंतर मी पहिल्यांदा आलो, तेव्हा त्यांनी जेवणाआधीच मला झऱ्यावर नेलं. ओंजळभर पाणी पाजून विचारलं, शहरात असं मिळतं का. माझे दात इतके वाजत होते की उत्तर देता येईना. ते जिंकल्यासारखे हसले.

पण ताई, तुमच्या वाडीत सगळ्यांत तरुण तूच, अडुसष्टची. यापुढे जाळी कोण साफ करणार? मी येतो म्हणालो, तर कियोको म्हणते, आधी घरातली मोरी धुऊन दाखवा.

तू ठरवशील ते मला मान्य.
तुझा यासुनोरी

कामिदानी, २८ नोव्हेंबर

चि. यासुनोरी यास,
आशीर्वाद. काल शिक्का मारला.

गेल्या आठवड्यात पाळी आमची होती. सुतकातल्या घराने एकोणपन्नास दिवस झऱ्यावरच्या देवापाशी जायचं नसतं, पाळी शेजारच्या घरावर जाते. शेजारी म्हणजे मुनेओदादा, चौऱ्याऐंशीचे. माझ्या हे लक्षातच नव्हतं. रविवारी ते वरून येताना दिसले. उभं राहून उतरवेना, म्हणून एकेका पायरीवर बसत, घसरत येत होते. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. मी म्हटलं, जमत नव्हतं तर सांगायचं तरी. ते म्हणाले, “तुझ्या घरचं पाणी बंद पडू दिलं, तर वर गेल्यावर कात्सुझोला काय तोंड दाखवू?”

यांचं नाव इतक्या दिवसांत कुणी असं सहज घेतलं नव्हतं.

नवं पाणी एप्रिलमध्ये येईल. एक तारखेला सुतक फिटतं. तेव्हापासून दादांची पाळीही मीच करणार आहे. ते रागावलेत. म्हणतात, मला म्हातारा ठरवलंस. मुळ्याचं लोणचं पाठवलं, ते ठेवून घेतलं, पण बोलत नाहीत.

रोज सकाळी यांच्या फोटोपुढे पाणी ठेवते. शिक्क्याचं मात्र अजून सांगितलेलं नाही. ते मी वर झऱ्यापाशी जाईन तेव्हा सांगेन.

थंडी सांभाळ, पत्र लिहीत जा.
ताई